‘या’ न म्हणणारं दुकान

पूनमनं अंगठा मोबाईलच्या बटणावर नेला आणि किसनरावांनी हातातली कात्री खाली ठेवली.

"थांब," ते म्हणाले. "काय धाडून राह्यली?"

"काई नाही, मामाजी. कंपनीनंच तयार वाक्यं देल्ले आहेत. एक दाबलं का झालं."

"वाचून दाखव."

तिनं वाचलं, "धन्यवाद! आम्हाला पुन्हा सेवेची संधी द्या."

तिच्या सासऱ्यांनी, किसनरावांनी, मान आडवी हलवली. तिनं दुसरं वाचलं, "आपला आनंद हेच आमचं समाधान." तिसरं वाचायला ती धजली नाही. त्याच्या शेवटी हसरा चेहरा होता आणि तो सासऱ्यांना कसा वाचून दाखवायचा, हेही तिला कळेना.

पुढच्या खोलीत सतरंजीवर पांढऱ्या कापडाचा तागा पसरला होता. बाजूला काळ्या तिळाच्या पुड्या, जव, दर्भाच्या जुड्या, पत्रावळी आणि मातीच्या पणत्या. दहाव्याच्या विधीचं सगळं सामान एका खोक्यात भरून ही सासरा-सून मेहकरातून पार मुंबई-पुण्यापर्यंत पाठवत असत. त्यातलंच एक खोकं पुण्याच्या शरयू नावाच्या बाईंना पोचलं होतं. त्यांनी काल लिहिलं होतं, "पार्सल वेळेत मिळालं. धन्यवाद." खाली, ज्या कंपनीच्या ॲपवर त्यांचं दुकान होतं तिची, लाल अक्षरं होती. आज पाचच्या आत उत्तर गेलं पाहिजे. नाही गेलं, तर उत्तरं देण्याचं प्रमाण नव्वद टक्क्यांच्या खाली उतरणार आणि दुकान बंद होणार. तशी ताकीद आधीच येऊन पडली होती. आता विनवण्यांची सोय नव्हती.

किसनरावांचं सगळं आयुष्य मयताचं सामान विकण्यात गेलं. बसस्टँडसमोरच्या त्यांच्या दुकानाची एक रीत होती. गिऱ्हाईक आलं तर ‘या’ म्हणायचं नाही. ‘अजून काय देऊ?’ असं तर चुकूनही विचारायचं नाही. सामान हातात न देता फळीवर ठेवायचं, पैसे मोजायचे नाहीत, आणि माणूस जायला निघाला की खाली पाहायचं. ‘पुन्हा या’ म्हणायचा तर प्रश्नच नव्हता. गावानंही त्यांच्याशी तशीच रीत पाळली. लग्नाकार्यात लोक त्यांना आग्रह करून जिलेबी वाढत, पण ‘धंदा कसा चालला?’ असं कोणी विचारत नसे. उत्तर काहीही आलं तरी पंचाईतच.

रस्ता रुंद झाला आणि दुकान त्यात गेलं. दुसरा गाळा शोधायला किसनराव गावभर हिंडले. भाडं ठरायचं, चहा व्हायचा, आणि ‘माल काय ठेवणार?’ हे कळलं की मालकाच्या पुतण्यालाच नेमका गाळा लागायचा. शेवटी पूनमनं मोबाईलवर दुकान मांडलं. तिथं तरी कोणाच्या दारात सावली पडत नव्हती. हे दुकान गेलं की किसनरावांना बसायला जागाच उरणार नव्हती, आणि पूनमला तर लग्नानंतर आपलं म्हणावं असं हे एवढंच मिळालं होतं.

सुरुवातीला तीही सगळ्यांना तयार वाक्यं पाठवायची. मग नांदेडच्या एका गृहस्थांना ‘पुन्हा नक्की भेट द्या’ असं गेलं. त्यांचं उत्तर आलं, "पुन्हा कोणासाठी? घरात आता मी एकटाच आहे." आणि पाचापैकी एक तारा. त्या दिवशी पूनमला जेवण गेलं नाही. तेव्हापासून तिनं ‘धन्यवाद’ला उत्तर देणंच सोडलं. पार्सल कधी येईल, तीळ काळेच आहेत ना, असल्या प्रश्नांना ती लगेच उत्तर द्यायची. आभारांपुढे मात्र गप्प राहायची. किसनरावांनाही ते पटलं. दुकानाची रीतच ती. पण कंपनीच्या हिशेबात गप्प राहणं आणि दुर्लक्ष करणं एकच होतं. बघता बघता प्रमाण घसरलं.

दारात मोटारसायकल थांबली. हर्षल तयार पार्सलं न्यायला आला होता.

"झालं का?" त्यानं बायकोला विचारलं.

"नाही."

"दाब ना वं एकदाचं. कोन वाचते ते?"

"नांदेडवाल्यानं वाचलं होतं."

हर्षलनं खोकी पोत्यात भरली. त्याला या धंद्यात कधी रस नव्हता, पण बापासमोर तो तसं बोलत नसे. आज बोलला. "बंद पडलं त पडू द्या, बाबा. राख्या इकू. राखीवाल्याले ‘पुन्हा या’ बी म्हनता येते."

किसनरावांनी मान वर केली नाही. हर्षल पोतं उचलून निघून गेला. मग किसनरावांनी कापडाला कात्री लावली आणि कापड तिरकं गेलं. त्यांचं कापड कधी तिरकं जात नसे. पूनमनं ते पाहिलं.

"तुमी काय म्हनत असा, मामाजी? गिऱ्हाईक सामान घेऊन निंघालं का?"

"काई नाही. मी खाली पाह्यतो."

"खाली पाह्यलेलं याच्यातून धाडता येत नाही."

"मंग नोको धाडू."

"दुकान बंद होईन."

किसनराव तिरकी कड बोटानं चाचपत राहिले. घड्याळाचा काटा पाचाकडे सरकत होता. पूनमनं मोबाईल पुन्हा उचलला आणि स्वतःच एक ओळ लिहिली. "आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत," तिनं वाचून दाखवलं.

"हे त चौकातल्या बॅनरवर राह्यते."

तिनं ते पुसलं. दुसरं लिहिलं. "मृतात्म्यास शांती लाभो."

"हे पेपरात."

तेही पुसलं. तिला सासऱ्यांचा राग आला. हे नको, तेही नको, मग लिहायचं तरी काय? मयताच्या घरी माणसं बोलतात तरी काय?

आणि तिला माहेरची, पिंपळगाव राजा या गावची, ओसरी आठवली. तिची आई गेली तेव्हा गल्लीतल्या बाया येऊन चटईवर बसत होत्या. येणारी प्रत्येक जण जरा वेळ गप्प बसायची आणि मग विचारायची, "कसं झालं वं, बाई?" पहिल्या दिवशी पूनमला त्या बायांचा संताप आला होता. हे काय विचारणं झालं? पण विचारलं की सांगावंच लागे. आईनं चूल पेटवली, पाठीतून कळ येते म्हणाली, भिंतीला टेकली. दुसरीला पुन्हा तेच. तिसरीला पुन्हा. दहाव्यापर्यंत ती सकाळ इतक्यांदा सांगून झाली होती की घशात अडकत नव्हती. त्या बायांनी तिच्यासाठी दुसरं काहीएक केलं नव्हतं. येऊन बसल्या आणि तेवढं विचारलं.

तिनं लिहिलं, "घरात कोण गेलं? कसं झालं?"

लिहिलं आणि अंगठा पुन्हा अडकला. कंपनीच्या नियमात स्पष्ट होतं, ग्राहकाला खासगी प्रश्न विचारायचे नाहीत. बाईंनी तक्रार केली तर प्रमाणाचा प्रश्नच मिटला. दुकान त्याच क्षणी गेलं.

"काय लिहिलं?" किसनरावांनी विचारलं.

तिनं वाचून दाखवलं. त्यांच्या कपाळावर आठी चढली. "दुकानदार असं नाही विचारत."

"दुकानदार नाही विचारत. बसाले आलेली बाई विचारते."

"अन् तिनं तक्रार केली त?"

"त गेलं दुकान," पूनम म्हणाली. तिनं बटण दाबलं.

लगेच टिंग वाजलं आणि दोघंही दचकली. पण तो निरोप कंपनीचा होता. "अभिनंदन! वेळेत उत्तर दिल्याबद्दल धन्यवाद. आपलं प्रमाण आता नव्वद टक्के आहे. असेच हसत राहा." पूनमनं तो बाजूला सारला. शरयूबाईंनी प्रश्न वाचल्याची खूण उमटली होती. त्या लिहीत असल्याचे तीन ठिपके दिसले, नाहीसे झाले, पुन्हा दिसले आणि पुन्हा गेले.

आत गॅसवर चहाचं आधण ठेवलेलं होतं, त्याचा आवाज यायला लागला, पण पूनमला उठवेना.

निरोप आला. "तुम्ही दुकानातूनच बोलताय ना?"

किसनरावांनी डोळे मिटले. पूनमनं लिहिलं, "हो."

बराच वेळ काहीच आलं नाही. बाई आता तक्रारीचा अर्ज भरत असणार, असंच पूनमनं धरलं. कोणत्या शब्दांत माफी मागायची ते ती मनात जुळवू लागली.

मग एक ओळ आली. "आई गेली."

पाठोपाठ दुसरी. "आम्ही दोघीच राहायचो. सोसायटीतल्या सगळ्यांनी ग्रुपवर जोडलेले हात पाठवले. ऑफिसनं फुलं पाठवली. कसं झालं, असं कोणी विचारलं नाही."

आणि थोड्या वेळानं, "सांगू का?"

पूनमनं सासऱ्यांकडे पाहिलं. किसनरावांनी कात्री कापडाखाली सारली, तागा गुंडाळून बाजूला केला आणि सरकून ते तिच्या जवळ येऊन बसले. पूनम आत जाऊन गॅस बंद करून आली. मयताच्या घरी बसताना चहा घेत नाहीत. तिनं लिहिलं, "सांगा."

ओळी थांबत थांबत येत राहिल्या. पूनम त्या हळू आवाजात वाचत होती. संध्याकाळची वेळ होती. आई मेथी निवडत होती. शरयू लॅपटॉपवर ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती, कानाला हेडफोन. आई दारात येऊन उभी राहिली. तिचे ओठ हलले, पण शरयूला ऐकू आलं नाही. तिनं आईला बोट दाखवलं. एक मिनिट. आईनं मान डोलावली आणि ती वळली. मीटिंग संपवून शरयू बाहेर आली तेव्हा मेथीची जुडी अर्धी निवडून झालेली होती आणि आई तिथंच कलंडलेली होती.

"ती काय म्हणायला आली होती, ते मला कळलंच नाही," शरयूनं लिहिलं. "मी बोट दाखवलं."

पूनमला एकदम वाटलं, ‘असं मनाला लावून घेऊ नका’ म्हणावं. पण पिंपळगावच्या बायांनी तसं कधी म्हटलं नव्हतं. तिनं लिहिलं, "मग?"

मग पुढचं आलं. शेजारचं दार वाजवलं. लिफ्ट वर यायला वेळ लागला. दवाखान्यात आईच्या बोटांना मेथीचा वास येत होता. दहाव्याला मीच बसणार आहे, दुसरं कोणी नाही. तुमच्या खोक्यातली पणती काल लावली, वात जरा मोठी होते, लवकर काजळते.

"वात खाली ओढाले सांग," किसनराव म्हणाले. पूनमनं तसं लिहिलं.

"बरं," शरयूनं लिहिलं.

खोलीत अंधार होत आला होता. दिवा लावायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही. बराच वेळ मोबाईलवर काही आलं नाही आणि दोघं नुसतीच बसून राहिली. मग शेवटची ओळ आली.

"तेल घालते आता पणतीत."

धन्यवाद तिनं या वेळी लिहिलं नव्हतं. पण त्या ओळीखालीही लाल अक्षरं उमटली. उद्या पाचच्या आत उत्तर द्या. किसनरावांना ती बारीक अक्षरं वाचता आली नाहीत तरी रंग दिसला.

"याले बी उत्तर लागते का?" त्यांनी विचारलं.

"लागते. नाही देल्लं त नव्वदच्या खाली जाईन."

"मंग दे ना. काई बी दे. एवढ्यासाठी दुकान नोको जाऊ देऊ, पूनम." दुपारपासून ‘नोको धाडू’ म्हणणारा माणूस आता जवळजवळ विनवत होता.

पूनमनं मोबाईल सतरंजीवर पालथा ठेवला.

"मामाजी, मयताच्या घरी बसून झाल्यावर उठताना बाया ‘येतो’ म्हनतात का?"

किसनरावांनी खाली पाहिलं. पूनम काही न बोलता उठली.