आकडे म्हणणारा नट

रोममधल्या तेस्ताच्चोच्या बाजारात लेआर्को फेलेत्ती दिसला की मासळीवाली आस्सुन्ताबाई हातातला तराजू तसाच धरून ओरडे, "आले, फौजदारसाहेब आले! म्हणा ना एकदा ते वाक्य!"

ते वाक्य अर्ध्या रोमला पाठ होतं. एका जुन्या चित्रपटात फौजदार झालेला लेआर्को मंत्र्याने पुढे केलेला कागद मागे सरकवतो आणि म्हणतो, "पेन तुमचं आहे, साहेब. हात माझा आहे." लेआर्को आढेवेढे घेत नसे. पिशवी खाली ठेवायची, हनुवटी वर करायची आणि वाक्य म्हणायचं. आणि दर वेळी एखादं नवं गिऱ्हाईक निराश व्हायचं.

"चेहरा तोच वाटतोय," एके दिवशी एका बाईने मान हलवली, "पण आवाज काही जमला नाही हो."

"बरोबर आहे तुमचं," लेआर्को म्हणाला. "आवाज तुल्योचा आहे. मी फक्त तोंड हलवलं."

"आणि घरी मात्र हा बदकाचा आवाज माझ्या वाट्याला आला," इओले म्हणाली. इओले म्हणजे त्याची बायको. एके काळी पोशाखांच्या कारखान्यात टाके घालायची. नवऱ्याच्या छातीचं माप तिला त्याच्या संवादांपेक्षा चांगलं पाठ होतं.

लेआर्को हसला. त्याला वाईट वाटत नसे असं नाही, पण वाईट वाटण्याची जागा त्याने फार पूर्वी ठरवून टाकली होती आणि ती जागा बाजारात नव्हती.

तो कोमाक्यो गावचा. खाडीत वाम मासे पकडणाऱ्या कोळ्याचा मुलगा. देवाने त्याला चेहरा दिला तो चर्चच्या दर्शनी भिंतीसारखा, आणि आवाज दिला तो बारीक, नाकातला, वर गावाकडचा ओलसर जाड 'स'. पहिल्याच चित्रपटात दिग्दर्शकाने त्याचं एक वाक्य ऐकून घेतलं आणि म्हणाला, "उत्तम. आता तोंडाने काहीही बडबड, पण चेहरा असाच ठेव." त्या काळी चित्रीकरणाच्या वेळी आवाज कोणी जपून ठेवतच नसे. नायक जर्मनमध्ये बोले, नायिका फ्रेंचमध्ये, मागे सुतार खिळे ठोकत असत. मग महिन्याभराने बंद खोलीत दुसरीच माणसं पडद्याकडे बघून सगळ्यांचे आवाज भरत. ज्यांना संवाद पाठ नसत ते आकडे म्हणत. लेआर्कोला संवाद पाठ असत, तरी तो आकडेच म्हणे. आपला आवाज कुणी ऐकणार नाही हे कळल्यावर त्यात खरे शब्द घालणं त्याला ते वाया घालवल्यासारखं वाटे.

पण आकडे त्याने कधी कसेही फेकले नाहीत. संवादात जिथे ओठ मिटायचे तिथे त्याचे मिटलेच पाहिजेत, जिथे तोंड उघडायचं तिथे उघडलंच पाहिजे, अशा बेताने तो आकडे निवडी. इटालियनमधल्या रोजच्या आकड्यांत ओठ मिटवणारा एकच, मिल्ले, म्हणजे हजार. म्हणून त्याच्या मोजणीत मधेच हजार येई. "एकेचाळीस, बेचाळीस, मिल्ले, त्रेचाळीस," असं म्हणत त्याने माणसं मारली, मुली सासरी पाठवल्या, पोपसमोर गुडघे टेकले. न्यायाधीश, नोटरी, पाद्री, खुन्याचा मेव्हणा, नायिकेचा बाप, सगळं झालं. दिग्दर्शक म्हणत, "लेआर्को, जरा रागाची पन्नाशी दे." आणि तो अशी पन्नाशी देई की दिवे धरणारे गप्प होत. खऱ्या आयुष्यात स्वतःच्या आईला मूठमाती देतानाही त्याच्या तोंडी प्रार्थनेऐवजी आकडे आले होते. हे त्याने फक्त इओलेला सांगितलं होतं.

आवाज जवळजवळ नेहमी तुल्यो सान्तारेल्लीचा. तुल्यो जाडजूड, पोटातून बोलणारा रोमन गडी. पंचवीस चित्रपट झाल्यावर दोघे पहिल्यांदा भेटले आणि तुल्यो म्हणाला, "अरे, तू माझ्यापेक्षा उंच निघालास!"

वाईट वाटण्याची जागा होती एक समारंभ. सहायक भूमिकेचं बक्षीस घ्यायला लेआर्को मंचावर गेला आणि स्वतःच्या आवाजात म्हणाला, "आभारी आहे. माझ्या वडिलांना हे बघायला आवडलं असतं." सभागृह खो खो हसलं. लोकांना वाटलं, हा मुद्दाम गंमतीचा आवाज काढतोय. लेआर्कोने वाकून नमस्कार केला आणि हसूही दिलं. त्यानंतर मंचावर त्याने कधी तोंड उघडलं नाही.

आणि आता, पंचाहत्तरी ओलांडल्यावर, ओर्सोला आली. तिशीची दिग्दर्शिका, केस आखूड कापलेले, पायात रबरी बूट. तिला कोमाक्योच्या खाडीवर चित्रपट करायचा होता. म्हातारा कोळी, जर्मनीहून परतलेला त्याचा भाऊ आणि विकलेली होडी. आवाज चित्रीकरण चालू असतानाच पकडायचा होता.

"मायेस्त्रो, मला तुमचाच आवाज हवा," ती स्वयंपाकघरात बसून म्हणाली.

"पोरी, तू तो ऐकतेयस ना आत्ता?"

"म्हणून तर आले."

इओलेने कॉफीचं भांडं आपटलं. "हिला नीट ऐकू येतं, लेआर्को. हो म्हण."

तो हो म्हणाला. भीतीने नव्हे, भूक लागल्यासारखा. निर्माता बोनाकोस्सा मात्र सावध माणूस. त्याने करारात कलम घातलं, आवाज पटला नाही तर तुल्यो येईल. "लोक तिकीट काढतात ते त्या आवाजासाठी," तो म्हणाला. "राग मानू नका."

"राग कसला," लेआर्को म्हणाला. "आधी ऐका, मग बोलवा कुणाला ते."

महिनाभर काम छान झालं. लेआर्को बोलला, त्याने शिव्या घातल्या, वाम सोलताना तो गुणगुणला. ओर्सोला कानाला हेडफोन लावून डोळे मिटून ऐके. राहिला होता तो एकच प्रसंग, ज्यासाठी सगळा चित्रपट होता. वाम भाजायच्या जुन्या कारखान्यात, भल्यामोठ्या चुलीसमोर, कोळी भावाला सांगतो: "होडी विकली मी. बाबांची होडी. तुला विचारायला हवं होतं. तू नव्हतास."

चूल पेटली. सळ्यांवरचे वाम तडतडू लागले, चरबीचा वास पसरला. तो वास लेआर्कोच्या बापाच्या सदऱ्याला असे. समोर भाऊ झालेला नट बसला होता. सुरू करायची खूण म्हणून ओर्सोलाने हात खाली केला. लेआर्कोने वर बघितलं, त्याचे डोळे भरले, आणि तो हळू, तुटक आवाजात म्हणाला,

"एकसष्ट, बासष्ट. मिल्ले, मिल्ले, त्रेसष्ट..."

शेवटपर्यंत म्हणाला. भाऊ झालेला नट खरोखर रडत होता. मग ओर्सोलाने हात वर केला, आणि तेव्हा कुठे लेआर्कोला उमगलं आपण काय केलं ते.

"झालं," मागून बोनाकोस्सा म्हणाला. "मला हेच वाटत होतं."

"परत घेऊ," ओर्सोला म्हणाली. परत घेतलं, आणखी एकदा घेतलं. शब्द एकूण एक बरोबर आले. रात्री मोठ्या पडद्यावर तिन्ही चित्रणं बघितली तेव्हा कुणालाच काही सांगावं लागलं नाही. दोन चित्रणांत नुसते संवाद होते आणि एकात माणूस होता. नेमकं त्यातच तो आकडे म्हणत होता.

"हाच घेणार," ओर्सोला म्हणाली.

"घे," बोनाकोस्सा म्हणाला. "मग आवाज भरावा लागेल. आणि एका प्रसंगात तुल्यो, बाकी बदक, असं चालायचं नाही. सगळाच तुल्यो भरेल."

लेआर्को रोमला परतला. घरी आल्यावर इओलेला म्हणाला, "मंगळवारी तुल्यो भरतोय. मी जाणार."

"पडद्यावरच्या चेहऱ्याने आवाजाच्या खोलीत पाऊल टाकायचं नसतं म्हणतात ना तुम्ही लोक? अपशकुन होतो."

"होऊ दे. आकडे माझे आहेत."

"मग पांढरा शर्ट घाल," ती म्हणाली. "खाकी घालून गेलास तर वाटेल फौजदार चौकशीला आलाय."

आवाजाच्या खोलीत अंधार होता. तुल्यो पडद्यासमोर उभा, हातात कागद, कानाला हेडफोन. काचेपलीकडे ओर्सोला आणि बोनाकोस्सा. लेआर्को आत आला तसा तुल्योने कपाळाला हात लावला.

"आलास? मला मारायला आलास का?"

"एकदा मला भरू दे."

"तुला? तू जन्मात आवाज भरला नाहीस."

"नाही भरला. पण ते तोंड माझं आहे. एकदाच. जमलं नाही तर तुझी कॉफी माझ्याकडून, आणि मी घरी."

तुल्योने काचेकडे पाहिलं. बोनाकोस्साने खांदे उडवले. ओर्सोलाने मान हलवली, जोरात.

पडद्यावर चूल पेटली. लेआर्को बोलला आणि मागे पडला. शब्द ओठांच्या मागून धावत होते, खेचलेल्या गाडीसारखे. काचेपलीकडे बोनाकोस्साने घड्याळ पाहिलं.

"थांब," तुल्यो म्हणाला. "तू पडद्यावरच्या माणसाचा पाठलाग करतोयस, गाढवा. मी पाठलाग करतो, कारण तो मी नाही. तू कशाला करतोस? बघू पण नकोस त्याच्याकडे."

"मग कुठे बघू?"

"चुलीकडे."

पुन्हा. लेआर्कोने चूल पाहिली. आकडे पुन्हा जिभेवर येऊन उभे राहिले. या वेळी त्याने त्यांना परतवलं नाही. मनात मोजत राहिला आणि प्रत्येक आकड्याच्या जागी शब्द ठेवत गेला. होडी विकली मी. मग पडद्यावरचे ओठ मिटले, पुन्हा मिटले, मिल्ले, मिल्ले, आणि बारीक, नाकातल्या आवाजात तो म्हणाला, "बाबांची होडी." तुला विचारायला हवं होतं. तू नव्हतास.

तुल्योने कानावरचा हेडफोन काढला.

"इतकी वर्षं मला वाटायचं मी फार हुशार," तो म्हणाला. "बाकीच्यांचे आवाज भरताना घाम फुटायचा, तुझे मात्र सरळ बसायचे. आणि तुझ्या ओठांवर अधूनमधून 'मिल्ले' दिसायचं, ते कशाला ते कळायचं नाही. वाटायचं, याला गणित येत नाही." त्याने लेआर्कोच्या पाठीत गुद्दा घातला. "माझ्यासाठी जागा ठेवायचास. सांगितलं का नाहीस कधी?"

"तू विचारलं नाहीस."

काचेपलीकडे बोनाकोस्सा म्हणाला, "पुन्हा वाजवा." वाजवलं. त्याने आणखी एकदा वाजवायला लावलं. "विचित्र आवाज आहे," तो शेवटी म्हणाला.

"कोळ्याचा आवाज आहे," तुल्योने कागद गुंडाळून पिशवीत टाकले. "मी भरला तर हा माणूस खाडीत आवाजाचा क्लास करून आलाय असं वाटेल. माझं इथे काम नाही. लेआर्को, कॉफी तुझ्याकडूनच. जमलं असलं तरी."

बोनाकोस्साने करारातल्या त्या कलमाचा विषय पुन्हा काढला नाही.

चित्रपट लागल्यावर दुसऱ्या आठवड्यात लेआर्को आणि इओले बाजारात गेले. आस्सुन्ताबाई गाळ्याबाहेर धावत आली, अंगाला मासळीचे खवले तसेच.

"फौजदारसाहेब, बघितला! अहो, काय रडले मी! आणि या वेळी तो आवाज भरणारा बदलला ना तुम्ही? नवा माणूस फार गुणी आहे. हुबेहूब तुमच्यासारखा बोलतो!"

लेआर्कोने पिशवी खाली ठेवली आणि हनुवटी वर केली. पण इओलेने त्याच्या आधीच उत्तर दिलं.

"गुणी कसला," ती म्हणाली. "माझ्याच घरात राहतो तो. चांगला मोठा वाम दे त्याला, वामांच्याच गावचा आहे तो."