समासातले रिकामे चौकोन

मी एक जुना लाल शाईचा पेन आहे. टोपणाची चमक केव्हाच उडाली, पण निब अजून ठणठणीत! इंग्रजीच्या बाईंनी पहिल्या पगारात मला घेतलं. मित्रांनो, त्या कधीच फुली मारत नसत. ओळ कळली नाही की समासात रिकामा चौकोन काढायच्या. मुलाने ती ओळ पूर्ण लिहिली की चौकोनात बरोबरची खूण. पालक म्हणायचे, "बाईंच्या पेनाला धाक नाही, माया आहे." मी आपला फुगून जायचो.

मग मुलांच्या हाती फोन आले. वह्यांत अर्धेमुर्धे शब्द, आकडे आणि चक्क हसरे-रडके चेहरे! चौकोन काढून काढून माझा जीव मेटाकुटीला आला.

त्यात एक होती सुसाट. टाइप करण्याच्या वेगावरून पडलेलं नाव. तिला नर्स व्हायचं होतं, पण प्रवेशपरीक्षेच्या लेखी इंग्रजीत ती एकदा आपटली होती. आता शेवटची संधी, महिनाभरावर आलेली. सरावासाठी तिने आजारी आजोबांची दिवसभराची नोंद लिहून आणली. मी एकोणीस चौकोन काढले.

"बाई, हे सगळ्यांना कळतं!" ती फणकारली.

बाईंनी वही कपाटात ठेवली आणि आठ दिवसांनी परत दिली. "सांग बघू, आजोबांना दुपारची गोळी दिली होती की द्यायची राहिली होती?"

सुसाटने वाचलं. पुन्हा वाचलं. तिचा चेहरा पडला. "बाई... मलाच कळत नाहीये."

"मैत्रिणींशी बोल की तसं, कोण अडवतंय? पण घरातल्या चपला घालून मुलाखतीला जातात का, बाळा?"

त्या दिवसापासून पोरगी हट्टाला पेटली. रोज एक नोंद, रोज कमी चौकोन. शेवटच्या वहीत मला एकही काढावा लागला नाही. खरं सांगतो, इतका आनंद मला रिकामं बसण्यात कधी झाला नव्हता!

ती पास झाली. पुढे बाईंच्या वह्या संगणकावर गेल्या आणि मी खणात सुकत पडलो. फार वाईट वाटायचं. निवृत्तीच्या दिवशी बाईंनी मला धुऊन पुसून सुसाटच्या हाती दिलं.

आता मी तिच्या पांढऱ्या खिशात असतो. काल दवाखान्यात नव्या नर्सने कामाची पाळी संपताना एका रुग्णाची घाईघाईची नोंद पुढे केली. सुसाटने मला उघडलं, समासात चौकोन काढला आणि हसून म्हणाली, "पूर्ण लिही गं. पुढच्या पाळीला तू इथे नसशील."

मित्रांनो, फोनवर हवं ते लिहा. पण ज्या ओळीवर कुणी विसंबणार आहे, ती पूर्ण लिहा. आणि हो, माझं टोपण तेवढं आठवणीने लावा. मला अजून पुष्कळ वाचायचंय.