उलटं गाऱ्हाणं

कुंभळवाडीच्या गावकीत एक नियम होता, आणि तो मोडायची छाती आजवर कुणाची झाली नव्हती. तक्रार घेऊन आलात ना? या, नारळ ठेवा, बसा. पण आपलं रडगाणं लगेच सुरू करायचं नाही. आधी समोरच्याचं म्हणणं सांगायचं, तेही समोरचा माणूस स्वतःच्या तोंडानं 'बरोबर' म्हणेपर्यंत. मग त्यानं तुमचं सांगायचं, तुम्ही 'बरोबर' म्हणेपर्यंत. याला वाडीत उलटं गाऱ्हाणं म्हणत. निम्मी भांडणं तिथंच मिटत, कारण बांध कोरणाऱ्याला शेजाऱ्याच्या बाजूनं बोलायला लावलं की त्याचा आवाज आपोआप खाली येतो. उरलेली निम्मी रावजी मोरे मिटवत.

रावजी एकवीस वर्षं गावकीचे पुढारी होते. पोलादपूर तालुक्यात, उमरठच्याही वरच्या अंगाला असलेल्या या वाडीतून एकही दावा कोर्टात गेला नाही, हा त्यांचा मोठा अभिमान. 'शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये' हे ते दिवसातून इतक्यांदा म्हणत की त्यांनी 'शहाण्यानं' म्हटलं की पुढचं त्यांची बायको बयाबाई भाकरी थापता थापता पुरं करून टाकायची.

आणि अशा माणसाच्या घरात नशिबानं वकील जन्माला घातला. राजनंदिनी, म्हणजे घरची नंदा, ही थोरल्या मुलाची, विनीतची लेक. विनीत आणि त्याची बायको मुंबईला नोकरीला, घर एका खोलीचं. म्हणून पोर पाच वर्षांची असताना आजीआजोबांकडे आली आणि इथंच रुळली. अकरावी-बारावीला ती महाडला एस्टीनं जाऊन येऊन करायची. संध्याकाळी साडेपाचची गाडी फाट्यावर थांबायची तेव्हा रावजी तिथं उभे असायचेच. "पान आणायला आलो होतो," म्हणायचे. फाट्यावर पानाची टपरी नव्हती, पण नंदानं ते कधी बोलून दाखवलं नाही.

लॉ स्कूलच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास तिनं मोबाइलवर केला. त्यात रावजींचाही हात होता, फक्त तो त्यांना ठाऊक नव्हता. दिवेलागणीला ती ओटीवर बसून इंग्रजी उतारे मराठीत करून सांगायची. "आबा, एकानं आपली म्हैस दुसऱ्याकडं सांभाळायला दिली. तिनं तिसऱ्याचं वावर खाल्लं. भरपाई कुणी द्यायची?" पुस्तकात मोटारगाडी असायची, म्हैस ती आपली पदरची घालायची. रावजी सुपारी कातरत निवाडा द्यायचे. दहातले सात बरोबर यायचे. उरलेल्या तिनांत पुस्तक चुकलं असं त्यांचं ठाम मत होतं.

परीक्षेचा निकाल लागला आणि पोरीचा नंबर थेट बंगळूरला लागला. देशातली पोरं ज्या कॉलेजासाठी दोन-दोन वर्षं क्लास लावतात ते कॉलेज. पाच वर्षं तिथंच राहायचं. सोमवारच्या आत होय की नाही ते कळवायचं होतं. विनीतनं फोनवर सांगितलं, "फीचं मी बघतो. बाकी आबा म्हणतील ते." विनीत आयुष्यभर हेच म्हणत आला होता, आणि त्यात त्याची सोयही होती.

रावजींना आधी आनंदच झाला, खोटं कशाला बोला. कोर्टाची पायरी वगैरे ठीक आहे, पण नात शिकून महाडच्या कोर्टात उभी राहील, काळा कोट घालून साडेपाचच्या गाडीनं घरी येईल, असं चित्र त्यांनी मनाशी रंगवून टाकलं होतं. खात्री करून घ्यायला ते महाडला सयाजी वकिलांकडे गेले. कोर्टाच्या आवारात पायरीवर न चढता, खालूनच त्यांनी विचारलं, "पाच वर्षांनी आमची पोर तुमच्या शेजारी बसंल ना?"

सयाजी वकील मोकळेपणानं हसले. "काका, तिथली मुलं महाडला कशाला येतील? शेवटच्या वर्षाच्या आधीच मोठ्या कंपन्या उचलतात त्यांना. मुंबई, दिल्ली, नाहीतर परदेश. नशीब काढलंत तुम्ही." त्यांनी अभिनंदन म्हणून चहा मागवला. तो चहा तसाच ठेवून रावजी स्टँडकडे निघाले.

घरी येऊन त्यांनी जोडे काढायच्या आधीच सांगितलं, "बंगळूरला जायचं नाय."

"का, आबा?"

"शहाण्यानं—"

"कोर्टाची पायरी चढू नये," बयाबाई आतून म्हणाली. "आणि म्हाताऱ्यानं पोरीच्या वाटंत बसू नये. ते बी म्हणा की कवातरी."

दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. नंदा रडली नाही, रुसली नाही, जेवली व्यवस्थित. रावजींना त्याचीच धास्ती वाटत होती. त्यांच्याच अंगाखांद्यावर वाढलेली पोर; ती गप्प असली की काहीतरी शिजत असतं.

रविवारी काळकाईच्या देवळात गावकी बसली. पुरुष आत सभामंडपात, बायका कठड्याबाहेर, नेहमीसारखं. पाखाडीच्या दगडी पायऱ्यांच्या दुरुस्तीचा विषय संपला आणि नंदा कठडा ओलांडून आत आली. बायकांत कुजबुज झाली. तिनं मधोमध नारळ ठेवला.

"माझं गाऱ्हाणं हाय. रावजी मोरे यांच्यावर."

बाईमाणसानं आत येऊन नारळ ठेवू नये असा नियम काही कुठं लिहिलेला नव्हता. आजवर कुणी ठेवला नव्हता, एवढंच. सगळे रावजींकडे बघायला लागले, आणि रावजींना काय बोलावं सुचेना. महादूला मात्र सुचलं. महादू म्हणजे रावजींचा शाळेपासूनचा सोबती आणि तेव्हापासूनचाच विरोधक. रावजी पूर्व म्हणाले तर हा पश्चिम म्हणणार. पुढाऱ्यावरच तक्रार आली तर त्याच्या जागी दुसरा बसतो, आणि तो दुसरा एकवीस वर्षं महादू होता. एकदाही पाळी आली नव्हती.

"रावजी, खाली ये," महादू म्हणाला. हे वाक्य त्यानं अगदी सावकाश, चवीनं उच्चारलं. रावजी पुढाऱ्याच्या दगडावरून उठून नातीसमोर चटईवर बसले. "हं. बोल गो पोरी. उलटं गाऱ्हाणं आधी."

नंदानं हातातला कागद उघडला. "आबांचं म्हणणं असं हाय, की आपल्या वाडीचं भांडण देवळात मिटतं. कोर्टात माणूस वर्षानुवर्षं झिजतो. आणि पुढाऱ्याच्याच घरातली पोर वकील झाली, तर लोक हसतील."

"बरोबर?" महादूनं विचारलं.

रावजींनी क्षणभर विचार केला. "अपुरं हाय," ते म्हणाले.

हा डाव अख्ख्या गावाला ठाऊक होता. जोवर समोरचा 'बरोबर' म्हणत नाही, तोवर गाऱ्हाणं पुढं सरकत नाही. गावकी उठली की ते पुढच्या रविवारवर जातं. आणि सोमवार उद्याच होता. असला डाव खेळणाऱ्या कितीतरी जणांना रावजींनीच चारचौघांत फैलावर घेतलं होतं. आता स्वतः तो खेळताना त्यांना आपली लाज वाटली, पण शब्द तोंडातून गेला होता.

नंदानं कागदाची दुसरी बाजू वाचली. बंगळूर लांब आहे, भाषा परकी आहे, आजीचे गुडघे धरलेत, आबांची रक्तदाबाची गोळी कोण लक्षात ठेवणार.

"अपुरं हाय."

महादू म्हणाला, "रावजी, लाज धर जरा." नंदानं मात्र हात वर करून त्याला थांबवलं. तिनं कागदाची घडी घातली आणि तो मांडीखाली सारला.

"आबा रोज साडेपाचला फाट्यावर येतात. पान आणायला. फाट्यावर पान मिळत नाय, हे सगळ्यांना ठाऊक हाय." कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. "माझे बाबा मुंबईला गेले, तेव्हा दोन वर्षांत येतो म्हणाले. दीपककाका पण म्हणाला. त्या दोघांना सोडायला आबाच फाट्यावर गेले होते. परवा स्टँडवर मला सयाजी वकील भेटले. ते आबांना काय बोलले ते मला कळलं. आबांचं कोर्टाशी काय वाकडं नाय. मी गेले की गाडी रोज येणार, मी तिच्यातनं उतरणार नाय, आणि आबांना एकट्यानं घरी चालत यावं लागंल. त्याचं भ्या वाटतं त्यांना."

रावजींनी खाली बघितलं. चटईची एक काडी सुटली होती, ती त्यांनी बोटानं आत ढकलली, पुन्हा ढकलली. कठड्याबाहेर बयाबाईनं पदर डोळ्याला लावला.

"बरोबर," ते म्हणाले. ते कुणालाच नीट ऐकू आलं नाही, पण महादूनं पुन्हा म्हणायला लावलं नाही. एवढी माणुसकी त्यानं त्या दिवशी दाखवली.

"आता तू, रावजी. पोरीचं सांग."

सांगण्यासारखं काय आहे, असं रावजींना वाटलं होतं. पोरीला शिकायचं आहे, मोठं व्हायचं आहे, झालं. पण तोंड उघडलं आणि वेगळंच बाहेर आलं.

"सात वर्षांमागं रखमाचं गाऱ्हाणं आलं होतं," ते म्हणाले. रखमा कठड्याबाहेर शेवटच्या रांगेत बसली होती. तिनं मान वर केली. "नवऱ्यामागं झऱ्याखालचं वावर तिचं का दिराचं, असा वाद होता. रखमा बाहेर बसली होती. तिच्या वतीनं आत कोण बोलला? दीरच. आणि दिरानं तिची बाजू सांगितल्यावर 'बरोबर' कोण म्हणालं? तो पण दीरच. मी निवाडा दिला. वावर दिराला गेलं." त्यांनी नंदाकडे बोट केलं. "घरी जाताना ही अकरा वर्षांची पोर मला म्हणाली, आबा, रखमाआजी 'बरोबर' कवा म्हणाली? मी म्हटलं, गप चल. ती गप चालली. पण त्या दिवसापासून हिला वकील व्हायचं हाय. हिनं मला कधी सांगितलं नाय. मला म्हाईत होतं."

दिरानं तोंड फिरवून घेतलं होतं.

"बरोबर?" महादूनं नंदाला विचारलं.

तिचे डोळे भरून आले होते, पण ती रावजींचीच नात होती.

"अपुरं हाय," ती म्हणाली.

या खेपेला सगळा सभामंडप हसला, बाहेरच्या बायकाही हसल्या. रावजी हसले नाहीत. ते नातीकडे बघत राहिले. तिच्या तोंडून एक वाक्य ऐकावं म्हणून दोन दिवस त्यांचा जीव तुटत होता: आबा, मी परत येईन. ते वाक्य ती का बोलत नाही, हे त्यांना तिच्यासमोर चटईवर बसल्यावर कळलं.

"ती परत येईल का नाय, हे तिलाच अजून ठाऊक नाय," ते हळूहळू म्हणाले. "येते म्हणून सांगून जाता आलं असतं. तिच्या बापानं सांगितलं, काकानं सांगितलं. मी लगेच हो म्हटलं असतं. पण ती मला खोटं सांगणार नाय. कसलाही शब्द न घेता मी तिला जा म्हणावं, असं तिचं म्हणणं हाय."

"बरोबर, आबा," नंदा म्हणाली आणि मग तिला रडू आवरलं नाही.

महादूनं निवाडा विचारला. रावजी म्हणाले, "दोघांचं सांगून झालं. आता निवाडा कसला?" त्यांनी नारळ उचलला आणि देवीसमोरच्या दगडावर फोडला. पहिलं शकल नंदाच्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "जा."

जूनच्या अखेरीला ती गेली. सुरुवातीचे फोन रडवेले असायचे. सगळी मोठ्या शहरांतल्या शाळांची पोरं; इंग्रजी कशी, तर नळ सोडल्यासारखी. ती तोंड उघडायच्या आत यांचं बोलून संपायचं. बयाबाई म्हणायची, "परत ये गो मग." रावजी फोन हिसकावून घ्यायचे. "अजिबात येऊ नको."

मग एकदा खोट्या खटल्याची स्पर्धा झाली. ऐन वेळी मास्तरांनी पोरांच्या बाजू बदलल्या. जो वादीचा वकील म्हणून तयारी करून आला, त्यानं प्रतिवादीचं मांडायचं. सगळ्या वर्गाची तारांबळ उडाली. नंदाची उडाली नाही. मास्तरांनी विचारलं, हे कुठं शिकलीस? तिनं सांगितलं, आमच्या देवळात.

"पहिली आलीस?" रावजींनी विचारलं.

"चौथी."

"पुस्तक चुकलं असंल."

गणपती होऊन गेल्यावर एक दिवस रावजींनी स्वतःहून फोन लावला. असं ते कधी करत नसत.

"नंदा, आज गावकी बसली होती. रखमाचं गाऱ्हाणं मी परत घेतलं. तिला आत बसवलं, चटईवर. जुना निवाडा माझाच, म्हणून दगडावर महादूला बसवलं. दिरानं तिची बाजू सांगितली आणि महादूनं तिला विचारलं, बरोबर?"

"मग?"

"पाच वेळा 'अपुरं हाय' म्हणाली ती बाई. जेवायची वेळ टळली. दीर घामानं भिजला." रावजींनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "सहाव्या वेळी 'बरोबर' म्हणाली. झऱ्याखालचं वावर तिला दिलं. माझी चूक होती, तेपण सांगितलं चारचौघांत."

नंदा काही म्हणणार, तेवढ्यात इकडं वळणावर हॉर्न वाजला आणि एस्टी घरघरत येऊन थांबली.

"आबा, तुम्ही कुठनं बोलताय?"

"फाट्यावर. हितं रेंज बरी येते."

कंडक्टरनं दार उघडलं. वरच्या आळीतल्या ठमाबाई पिशवी घेऊन उतरल्या, दुसरं कुणी नाही. गाडी पुढं निघून गेली.

"अपुरं हाय, आबा," नंदा म्हणाली.

रावजी रिकाम्या रस्त्याकडे बघत उभे राहिले.

"तुझी आठवण येते गो," ते म्हणाले. "रोज येते. म्हणून येतो हितं."

"बरोबर," ती म्हणाली. "आता घरी चला. मी बोलत राहते, तुम्ही चाला."

आणि वाडीपर्यंतचा सबंध चढ ती त्यांच्याशी बोलत राहिली.