दुनाळीतला कापूस

बोंडअळीच्या साली धामणगाव बढ्याच्या किसनरावांना उत्कृष्ट कापूस उत्पादक म्हणून तालुक्यातलं पहिलं बक्षीस मिळालं. एक शाल, एक नारळ आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतलं प्रमाणपत्र. तसं काही झालंच नाही असं धरून आपण पुढं जाऊ, कारण किसनरावही तसंच धरून चालतात. नारळ त्यांनी खाल्ला, पण तो भुकेचा भाग झाला.

तर, बीटी बियाण्याच्या पाकिटाचा बोभाटा असा होता की बोंडअळी येणार नाही. अळीपर्यंत तो पोचला नसावा. ती आली, बोंडात शिरली आणि आतून कडी लावून बसली. दिवाळीनंतर किसनरावांच्या तीन एकरांत बोंड फोडलं की कापसाऐवजी किडकी, चिकटलेली पिवळी कवडी निघायची आणि तिच्यात एक गुलाबी, चांगली पोसलेली पाहुणी. सरकारनं पंचनामे लावले. अर्जाला फोटो हवा होता : शेतकरी, त्याचं शेत आणि नुकसान, तिन्ही एकत्र. गावानं मोबाइलवर फोटो काढले आणि गाव मोकळं झालं. किसनरावांना मोबाइलचा फोटो मान्य नव्हता. तो नेमका कुठं असतो हे कुणालाच सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते गुलजारच्या दुकानात आले.

गुलजारचा फोटो स्टुडिओ आता झेरॉक्स आणि लॅमिनेशनवर चालत होता. पण कपाटात मखमली फडक्यात त्याचा जुना जपानी कॅमेरा होता, एकावर एक दोन भिंगांचा. गावात त्याला दुनाळी म्हणत. कोणते जुने कॅमेरे कारखान्यांनी पुन्हा बनवावेत याची गुलजारकडे एक यादी होती. ती कुणी मागितली नव्हती. तिच्यात क्लिक-थ्री होता, कारण तो काढणाऱ्याला काहीच विचारत नसे. पण सगळ्यात वर दुनाळी. बाकीचे कॅमेरे माणसाच्या तोंडावर रोखावे लागतात. दुनाळी पोटाशी धरायची, वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून काचेत बघायचं. म्हणजे फोटोवाला गिऱ्हाइकापुढं वाकतो. गुलजार तीस वर्षं तालुक्यापुढं वाकला होता. निवडणुकीत उभं राहणारेही एवढे वाकले नसतील.

शेवटचा रोल फ्रिजमध्ये, बायकोच्या, बिलकिसच्या, लिंबाच्या लोणच्यामागे होता. ब्लॅक अँड व्हाइट, बारा फोटोंचा, मुदत संपून नऊ वर्षं झालेला. लेकीच्या, नाजिशच्या, निकाहसाठी राखला होता. नाजिशनं निकाह मोबाइलवर उरकला.

“पैशाचं पाहू मंग,” किसनराव म्हणाले. “पण अळीनं खाल्लं हे कागदावर आलं पाह्यजे, गुलजारभाई. नाही तं लोक म्हणतीन, किसनले शेती जमत नाही.”

दुपारी गुलजार शेतात गेला, किसनराव आणि त्यांच्या बायकोला, तानुबाईंना, बांधाजवळ उभं केलं, झाकण उघडलं आणि वाकला.

काचेत वारा नव्हता. बाहेर होता, पण काचेपर्यंत येता येता तो पाण्यासारखा होत होता. दुनाळीत डावं उजवीकडे जातं. त्यामुळे शेजारच्या रानातली बैलजोडी बाहेर घराकडे निघाली होती आणि काचेत घरून शेताकडे. कवडी झालेली बोंडं चांदण्यांसारखी लुकलुकत होती. मधोमध किसनराव, वीस वर्षं हलके, आणि तानुबाईंचा पदर असा थांबलेला की जणू त्याला कुणी नाव घेऊन हाक मारली असावी. गुलजारला वाटलं, आपण या काचेच्या तळाशी कुठंतरी बसलोय आणि वरून कुणीतरी मान घालून आपल्याकडे बघतंय.

मग हातानं आपलं काम सुरू केलं. हनुवटी जरा खाली. ऊन कडक आहे, ढग येऊ द्या. ढग आला. पुढ्यात सडक्या बोंडांचा कचरा दिसत होता, तो त्यानं तानुबाईंना उचलायला लावला. तो कचरा म्हणजेच नुकसान होतं, हे तिघांच्याही लक्षात आलं नाही. फोटो काढताना पुढ्यातला कचरा उचलायचा असतो, एवढं तिघांनाही माहीत होतं.

रोल धुतला, त्यातला एक फोटो मोठा केला, आणि गुलजार सवयीनं ब्रश घेऊन बसला. तीस वर्षं त्यानं नवऱ्या मुलींच्या गालावरचे देवीचे वण पुसले होते. बोंडांवर डाग होते. त्यानं डाग पुसले. किसनरावांच्या गालांवर गुलाबी रंगाचा हलका हात फिरवला. बिलकिसनं चहा ठेवता ठेवता विचारलं की यात अळी कुठाय. गुलजारनं सगळ्यात बारीक ब्रशनं एका बोंडावर गुलाबी अळी काढली. ती कानातल्या डुलासारखी दिसली. तेवढ्यात किसनराव आले आणि मुदतीचा शेवटचा दिवस म्हणून फोटो उपरण्यात गुंडाळून ओलाच घेऊन गेले.

कृषी सहायक पुष्पांजली मॅडमनी तो दोन्ही हातांत धरून पाहिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात. असं पीक त्यांनी पुस्तकातही पाहिलं नव्हतं. किसनरावांचं नाव नुकसानीच्या यादीतून निघालं आणि दुसऱ्या एका यादीत गेलं. पुढं जे झालं ते झालेलं नाही, हे आपलं ठरलंच आहे.

जे झालं नाही ते झाल्यावर किसनराव शाल खांद्यावर टाकून दुकानात आले आणि झेरॉक्सच्या मशीनजवळ बसले.

“काऊन केलं असं?” त्यांनी हळूच विचारलं. “अख्खं गाव हासून राह्यलं. अळीवाले गरीब, अन् मी एकटा बागायतदार.”

गुलजारनं कॅमेऱ्याच्या फडक्याची चार वेळा घडी घातली. “किसनभाऊ,” तो म्हणाला, “मले दुसरं येतच नाही.”

दोघं मॅडमकडे गेले. नवा फोटो काढायला शेतात काही उरलं नव्हतं. अळी पुढच्या हंगामात जाऊ नये म्हणून कपाशीची पऱ्हाटी उपटा असा आदेश होता आणि तो पाळणारे गावात किसनराव एकटेच निघाले होते. रंग आपण चढवला असं गुलजारनं सांगितलं, तर मॅडमनी सुचवलं की हे त्यांनी ऐकलं नाही असं समजावं, कारण सरकारी कागदातली खाडाखोड हा गुन्हा होतो. मग गुलजार म्हणाला की कॅमेऱ्यालाच तशी सवय आहे. हे मॅडमना पटलं. सवय सिद्ध करायचा मार्गही त्यांनी सांगितला : त्याच नमुन्याच्या दुसऱ्या कॅमेऱ्यानं त्या उपटलेल्या रानाचा फोटो काढा, त्यातही कापूस दिसला तर दोष यंत्राचा. याच कॅमेऱ्यानं चालणार नाही, कारण आरोपीला स्वतःचा साक्षीदार होता येत नाही.

गुलजार मलकापूरला जाऊन आला. तिथल्या जुन्या कारागिराकडे दुनाळीचं नुसतं खोकं होतं, त्यात तो स्क्रू ठेवायचा. तसा कॅमेरा आता जगात कुणी बनवत नाही, असं तो म्हणाला, आणि स्क्रू सांडू नयेत म्हणून खोकं परत मागितलं.

तेव्हा किसनरावांच्या ओसरीवर बसून गुलजारनं अर्ज लिहिला. लिहून झाल्यावर वाचून दाखवला. तानुबाई वाती वळत ऐकत होत्या. म्हणाल्या, “माह्यंही एक कलम टाका.” त्यांनी ते सांगितलं. किसनराव हसले नाहीत. गुलजारनं मान खाली घालून ते जसंच्या तसं उतरवून घेतलं :

‘सबब विनंती की, (१) सदर नमुन्याच्या कॅमेऱ्याचे बंद पडलेले उत्पादन पुनश्च सुरू करण्यात यावे व त्यातील पहिला नग रोलसह मौजे धामणगाव बढे येथे तपासणीकामी पाठविण्यात यावा, (२) तो प्राप्त होईपर्यंत फोटोत दिसत असलेले पीक शासनाने उभे असल्याचे मान्य केलेले असल्याने, ते वेचून आणण्यासाठी अर्जदाराच्या पत्नी श्रीमती तानुबाई यांस एक झोळी, दोन गाठोडी व पाण्याची कळशी यांसह सदर फोटोत जाण्याची व काम संपल्यावर परत येण्याची, अथवा न येण्याची, लेखी परवानगी पेरणीपूर्वी देण्यात यावी, ही नम्र विनंती.’