सफरचंदाच्या फोडी

वृद्धाश्रमात स्वयंपाक करणाऱ्या मावशी खुर्चीच्या कडेला टेकल्या, तेवढ्यात तिने टेबलावरचे दोन्ही अहवाल पालथे घातले. साथीच्या रोगांच्या या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काढली होती तिने. कागद लपवायची वेळ कधी आली नव्हती.

"ताई, आप्पांचं कळल्यापासून घशाखाली घास उतरत नाही," मावशी म्हणाल्या. "हात धुतल्याशिवाय मी पातेल्याला शिवत नाही हो. पण कुठंतरी चुकलंच असणार माझं. सगळे तेच म्हणतात. मी काम सोडतेय."

आश्रमात अकरा जणांना उलट्या-जुलाब झाले होते. दहा जण सावरले. तिचे वडील, आप्पा, सावरले नाहीत.

मावशींच्या नमुन्यात विषाणू सापडलाच नव्हता. आश्रमात पसरलेला उलट्या-जुलाबांचा विषाणू, नोरोव्हायरस, नवीन प्रकारचा होता. जुनाच पाहुणा, पण वेश पालटून आलेला. हुबेहूब तोच आणखी एका नमुन्यात होता, आश्रमातल्या साथीच्या आधी घेतलेल्या. नमुन्यावर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. तो क्रमांक आपला स्वतःचा, आजारपणात सवयीने दिलेल्या नमुन्याचा आहे, हे तिला एकटीलाच ठाऊक होतं.

साथीच्या आधीच्या शुक्रवारी तिच्या उलट्या थांबल्या होत्या. बरं वाटलं तरी दोन दिवस कुणाच्या खाण्याला हात लावू नका, असं तिने फोनवर शेकडो लोकांना बजावलं होतं. पण आप्पा वाट पाहत होते. शिवाय हे दुखणं तिला दोन वर्षांपूर्वीच होऊन गेलेलं. ते इतक्यात पुन्हा होणार नाही, या वेळी बाहेरचं खाणं बाधलं असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. शनिवारी सकाळी ती आश्रमात गेली. घाईत हातांना नुसतं सॅनिटायझर चोळलं. हा विषाणू त्याला दाद देत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? सफरचंद कापून तिने आप्पांना फोडी भरवल्या, उरलेल्या आजूबाजूच्यांना वाटल्या. कशाला गेलो आपण? एक दिवस थांबलो असतो तर काय बिघडलं असतं?

"मावशी, चूक तुमची नाही."

"माझं मन राखायला म्हणताय."

"नाही. तुमच्या तपासणीत काहीच निघालं नाही."

मावशींनी डोळे पुसले. "मग कुणामुळे झालं हो?"

तिने पालथे अहवाल जुळवून बाजूला सरकवले.

"ते कळत नाही," ती म्हणाली.

मावशींनी तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "स्वतःचे वडील गेले, तरी माझी काळजी करताय. दुसरं कुणी असतं तर मला दारात उभं केलं नसतं."

तिने हात सोडवून घेतला नाही. सगळं ऐकून घेतलं.