जबल अख्दरवरचं इंजेक्शन

अजिंक्यची जीभ एरवी कात्रीसारखी चालायची, पण आईसमोर आली की टाळ्याला चिकटायची. लग्नाला तीन वर्षं झाली, तरी या बहाद्दरानं आईला सांगितलंच नव्हतं की शिवांगीच्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी काम करत नाहीत. शरीराला ताण झेलायला लागणारं हार्मोन तिला रोज गोळीतून घ्यावं लागतं. आई म्हणेल, रोगी पोरगी गळ्यात बांधून घेतलीस. म्हणून हे गप्प.

२०१६च्या एप्रिलात आई, म्हणजे कलावतीबाई, चिपळूणहून आखातात, अल हैलला या दोघांच्या घरी आल्या. तिघं गुलाब बघायला जबल अख्दरच्या उंच डोंगरावर निघाले. डॉक्टरांनी शिवांगीला बजावलं होतं, उंचीवर शरीराला हे हार्मोन जास्त लागतं, वर गेल्यावर डोस दुप्पट घ्या आणि इंजेक्शन जवळ ठेवा.

घाट चढायला लागल्यापासून तिला उलट्या सुरू झाल्या. सकाळची गोळी पोटात राहिली की नाही, देव जाणे. वर पोचेपर्यंत ओठ पांढरे, हात थंडगार.

"उंचीमुळे होतं गं असं, आई," म्हणत अजिंक्यनं शिवांगीची पर्स उपसली. रुमाल, कंगवा, लिंबाच्या गोळ्या. औषधांची पिशवीच गायब!

गाडी त्यानं तशीच तिथल्या दवाखान्यात घातली. बीपी इतकं खाली, की नर्स धावत सुटली.

"कोई पुरानी बीमारी? कोई दवाई चलती है?" तिथल्या भारतीय डॉक्टरांनी विचारलं.

अजिंक्यनं आईकडे पाहिलं. "नहीं... वो, उंचाई से..."

अरे गाढवा, बायको हातची चाललीय! डॉक्टर ऑक्सिजन लावायला वळले.

तेवढ्यात कलावतीबाईच रडकुंडीला येऊन पुढे झाल्या. "गोळ्या घेते रे ती. लपून. मला वाटलं, मूल नको म्हणून घेते. आज निघताना मीच ती पिशवी काढून कपाटात टाकली. त्यानं तर नाही ना झालं काही पोरीला?"

तेव्हा कुठे याच्या तोंडून आजाराचं नाव निघालं. "एडिसन्स है, डॉक्टरसाब! हायड्रोकॉर्टिसोन दो, जल्दी!"

त्या हार्मोनचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. मग शिवांगीनं डोळे उघडले. कलावतीबाईंनी तिला चमच्यानं पाणी पाजलं, पदरानं तोंड पुसलं. अजिंक्य जवळ सरकला, तशी तिनं मान फिरवली.

"डॉक्टर विचारत होते ना, तेव्हा मला सगळं ऐकू येत होतं," ती म्हणाली. "आई, याला बाहेर बसायला सांगा."