हात धुण्याचे कारण

दर रविवारी आजीचा व्हिडिओ फोन आला की पाच वर्षांची चिऊ हात धुऊन येई आणि ओले तळवे फोनच्या पडद्यासमोर धरून गप्प उभी राही.

आजी दूरच्या गावी राहत असे आणि तिला फक्त घरची भाषा येत असे. सलग चौथ्या रविवारी असे झाल्यावर ती चिऊच्या बाबांना म्हणाली, "पोर घाबरते रे मला. कशाला छळायचं तिला? यापुढे मी फोन करायची नाही."

बाबा पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होते. त्यांना निदानांची टंचाई भासली नाही. डॉक्टरांनी दोन मिनिटांत जंतांचे औषध लिहून दिले. शाळेतल्या बाईंनी दोन भाषांचा भार कोवळ्या मेंदूला झेपत नसल्याचे सांगितले. बाईंना एकच भाषा येत असल्याने त्यांचे मत निःपक्षपाती होते.

अखेर बाबांनी फ्रिजवर कागद चिकटवला. घरात कोण, कोणत्या भाषेत, काय बोलले याची तीन दिवस नोंद करायची.

"आता मलाही बाटलीत भरून तपास," चिऊची आई म्हणाली. पण स्वतःची वाक्ये तिने प्रामाणिकपणे लिहिली.

गोष्टी, कोडी, शाबासकी आणि लाड बाहेरच्या, म्हणजे शाळेच्या भाषेत होते, कारण मुलगी शाळेत मागे पडता कामा नये. घरच्या भाषेत एकसष्ट वाक्ये भरली. पैकी एकोणीस वेळा "हात धुतलेस का?" उरलेल्यांत "पुरे आता", "किती वेळा सांगू" वगैरे. गोड वाक्य एकच निघाले, तेही अडून बसलेल्या मिक्सरला उद्देशून.

बाबांनी चिऊला बाहेरच्या भाषेत विचारले, "रविवारी आजी काय म्हणाली गं तुला?"

"जेवलीस का गं राणी, म्हणाली."

"मग हात का धुतलेस?"

"रागावली होती ना ती."

"कशावरून?"

चिऊने बाबांकडे कीव केल्यासारखे पाहिले. "त्या भाषेत बोलली की!"

बाबांनी प्रयोगशाळेच्या शिरस्त्याप्रमाणे कागदाच्या तळाशी निष्कर्ष लिहिला. मग आजीला फोन लावून तो जसाच्या तसा वाचून दाखवला : "मुलीला घरची भाषा उत्तम समजते. या घरात ती केवळ रागावण्यासाठी वापरली जाते. वापरणारे : आई आणि बाबा. आजीचा संबंध नाही."